पितळी बिल्ला आणि माळ्यावरची मी

टण्ण.

एवढाच आवाज झाला. रविवारची दुपार होती. मुलीच्या दहावीच्या वर्षात या घराला हळू बोलायची सवय लागली होती आणि परीक्षा संपली तरी ती गेली नव्हती. आई पातेले ओट्यावर ठेवतानासुद्धा जपून ठेवत होती. अशा शांततेत माळ्यावरून तो आवाज आला आणि घरातल्या चौघांनी एकदम वर पाहिले.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी एक जुनी गिटार आहे. माझी सर्वांत बारीक तार तुटली. मला कोणी वाजवत नव्हते, कोणी हातही लावला नव्हता. ती आपली आपणच तुटली. असे का झाले ते सांगायचे, तर मला थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म दूर कोलकात्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी पातळ लाकूड ओले करून, तापवून वाकवले आणि माझी कंबर घडवली. मग मी पुण्याला आले. दुकानात मानेने टांगलेली असताना येणारा-जाणारा माझ्या तारांवरून एकदा बोट फिरवी आणि पुढे जाई. शेवटी तेजस आला आणि मला घेऊन गेला. तो नांदेडहून शिकायला आलेला मुलगा. त्याने माझ्या पोटावर एक स्टिकर चिकटवला. त्याचा अर्धा तुकडा अजून तिथे आहे, आणि मला तो आवडतो.

शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी तेजस आपल्या मामाकडे, खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आला. त्याचे मामा म्हणजे वैजनाथराव, दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. मामी नम्रता. त्यांची मुलगी पूर्णिमा आणि धाकटा शुभंकर. मुलांसारखी मीही मनातल्या मनात मामा-मामींना आई-बाबाच म्हणते. इतकी वर्षे त्यांच्या घरात काढल्यावर दुसरे काय म्हणणार?

तेजसला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा त्याच्या सामानात मी मावले नाही. त्याने मला पूर्णिमाच्या हातात दिले. ती तेव्हा आठवीत होती.

"वाजवलीस तर तुझी," तो म्हणाला. "फक्त एक लक्षात ठेव. बरेच दिवस ठेवून द्यायची वेळ आली, तर आधी तारा सैल कर. नाहीतर बिचारी स्वतःच्याच ताणानं मोडते."

पूर्णिमा हसली. "मी कशाला ठेवून देईन?"

आणि खरेच, तिने मला खाली ठेवलेच नाही. सुरुवातीला तिची बोटे दुखत. ती त्यांवर फुंकर घाली आणि पुन्हा तारा दाबी. हळूहळू बोटांची टोके कडक झाली. मग एके दिवशी माझ्यातून पहिल्यांदा स्वच्छ सूर निघाला, तशी तिने इकडेतिकडे पाहिले, कोणी ऐकले का म्हणून. दारात आई उभी होती. हाताला कणीक लागलेली, तशीच.

कॉलनीच्या गणपतीत तिने मला स्टेजवर नेले. टाळ्या पडल्या. शेजारच्या यमुनाबाई कोणाचे सहसा कौतुक करत नाहीत. त्यासुद्धा म्हणाल्या, "बरं वाजवलंस. मला वाटलं होतं, कान झाकावे लागतील." पुण्यात याहून मोठे बक्षीस मिळत नाही.

मित्रांनो, माझे ते दिवस फार सुखाचे होते. पण खरे सांगायचे तर त्या सुखात काहीतरी चुकत होते आणि मला ते कळत नव्हते. पूर्णिमा शाळेतून आली की दप्तर टाकून मला घेई. जेवायला बसली तरी तिची बोटे ताटाच्या काठावर चालत. सलोनी नावाची तिची मैत्रीण रोज खेळायला हाक मारायची. तिला "थांब, आलेच" एवढेच उत्तर मिळे. पुढे सलोनीने हाक मारणे सोडून दिले. गणिताचे पुस्तक माझ्या खाली दबून राही. आई म्हणे, "अगं, ती गिटार तुझ्याकडे शिकायला आलीय की तू तिच्याकडे राहायला गेलीयस?" पूर्णिमाला ते ऐकूच जात नसे.

मग दहावीचे वर्ष लागले, आणि ती दुपार आली.

शुभंकर बालवाडीतून व्हॅनने यायचा. व्हॅन त्याला कॉलनीच्या गेटपाशी सोडी. आईला त्या दिवशी बाहेर जायचे होते, म्हणून त्याला आणायचे काम पूर्णिमाकडे होते. ती मला घेऊन बसली होती. एक अवघड जागा तिला जमत नव्हती. पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा, असे करता करता ती जमली, आणि त्याच वेळी दारावर थाप पडली. बाहेर यमुनाबाई होत्या. त्यांच्या हाताला धरून शुभंकर. रडून रडून त्याला उचकी लागली होती.

"हा तुमचाच ना?" यमुनाबाई म्हणाल्या. "गेटवर बेवारस सापडला. तुझा कार्यक्रम चालू होता, म्हणून मध्येच बेल वाजवली नाही."

पूर्णिमाने मला पलंगावर टाकले आणि त्याला जवळ घेतले. शुभंकर तिच्या खांद्यावर डोके ठेवून एवढेच म्हणाला, "ताई, मी तुला हाक मारली होती."

संध्याकाळी बाबा कामावरून आले. आईने सगळे सांगितले. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जुना पितळी बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला.

"आमच्या कारखान्यात आत जाताना गेटवर मोबाइल जमा करायचा, काड्यापेटी जमा करायची," ते म्हणाले. "बदल्यात बिल्ला मिळतो. सुटी झाली की बिल्ला द्यायचा, आपली वस्तू घ्यायची. आजपासून तुझी गिटार आमच्या खोलीतल्या खिळ्यावर. अभ्यास झाला की बिल्ला दे आणि जेवणापर्यंत वाजव."

"बाबा, मी काय स्फोटक आहे का?"

"काड्यापेटी तरी कुठं स्फोटक असते? चांगली वस्तू आहे, रोज लागते. तरी आम्ही ती बाहेर ठेवून आत जातो."

पूर्णिमा त्या दिवशी जेवली नाही. मीही खिळ्यावर रुसून बसले होते. पण थोड्याच दिवसांत एक गंमत झाली. शुभंकर स्वतःच पहारेकरी झाला. दारात आडवा हात धरून तो विचारी, "बिल्ला?" पूर्णिमा तो त्याच्या तळहातावर ठेवी. तो बिल्ला उलटसुलट करून पाही आणि गंभीरपणे म्हणे, "जाऊ द्या."

"साहेब, आज लवकर सोडा ना."

"गणित झालं का?"

"झालं, साहेब."

मग ती मला खाली काढी आणि तो तिच्या पायाशी बसून ऐके. वाजवायला वेळ थोडा मिळे, पण त्या वेळात ती पूर्ण माझी असे आणि बाहेर आल्यावर पूर्ण घरची. सलोनीही पुन्हा येऊ लागली. मित्रांनो, मर्यादा घातल्याने मी दुःखी झाले असे मी म्हटले, तर ते खोटे ठरेल. माझा सूर त्या दिवसांत जितका गोड लागला, तितका आधी कधीच लागला नव्हता.

पण पूर्वपरीक्षेत तिला गणितात कमी गुण मिळाले. फार कमी नव्हे, आई घाबरेल इतके. त्या आठवड्यात नातेवाइकांचे फोन आले, शेजारणींनी चौकशा केल्या. आई खिळ्याकडे बघत उभी राहू लागली.

एके सकाळी पूर्णिमा शाळेत गेली असताना आईने मला खाली काढले. माझ्यावर राग नव्हता तिचा. जुन्या मऊ साडीत तिने मला गुंडाळले, तान्ह्या बाळाला गुंडाळावे तसे. मग स्टुलावर चढून माळ्यावर ठेवले. कुरडयांचा डबा ती तिथेच ठेवते, कारण माळा कोरडा असतो आणि तिथे काही खराब होत नाही. कुरडया टिकतात, मग गिटारही टिकेल, असे तिला वाटले. "परीक्षा झाली की काढू हं," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे.

तारा मात्र तशाच ताणलेल्या राहिल्या. आईला ते माहीत नव्हते. ज्या मुलीला माहीत होते, तिला कोणी विचारले नव्हते.

पूर्णिमा घरी आली. रिकामा खिळा तिने पाहिला. मला वाटले, आता ती रडेल, भांडेल. ती फक्त "बरं" म्हणाली. मला माळ्यावर तेवढेच ऐकू आले. नंतर शुभंकर विचारत होता, "ताई, आपला बिल्ला कुठाय?" आणि ती म्हणाली, "कंपासमध्ये. खेळू नको त्याच्याशी."

त्यानंतर मी रोज कान देऊन असे. पाने उलटल्याचा आवाज येई. कारखान्याचा भोंगा ऐकू येई. स्लॅब तापू लागला. कुरडया सुखाने होत्या. माझे लाकूड मात्र आतून वाळत चालले आणि तारा ओढत राहिल्या. परीक्षा आली, गेली. मी स्टूल सरकल्याचा आवाज ऐकायला आतुर होते. स्टूल सरकले नाही. पूर्णिमाने मला मागितले नाही, आणि मागत नाही म्हणजे मुलगी शहाणी झाली, असे सगळ्यांनी धरले. आणि मग त्या रविवारी, टण्ण.

बाबांनी स्टूल घेतले, मला खाली आणले, साडी सोडली. तार कुरळी होऊन लोंबत होती. तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी माझ्या पोटावरून अर्धी उचलली गेली होती.

"अगं बाई," आई म्हणाली. "मी तर इतकी नीट ठेवली होती."

"तारा सैल करून ठेवायच्या असतात," पूर्णिमा म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

"मग सांगायचं नाही का आम्हाला?"

"तू मला विचारून ठेवलीस का, आई?"

बाबा माझी मान हातात धरून उभे होते. "दुरुस्त होते ही," ते म्हणाले. "कसबा पेठेत करतात. मी उद्याच घेऊन जातो. तू बिल्ला आण आणि घे बरं हिला हातात."

पूर्णिमाने माझ्याकडे पाहिले. उचललेल्या पट्टीवरून तिने एक बोट फिरवले. त्या बोटाचे टोक आता मऊ झाले होते.

"राहू द्या ना, बाबा," ती म्हणाली. "कॉलेज सुरू झाल्यावर बघू." आणि ती खिडकीपाशी जाऊन मोबाइल घेऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे काही असेल. बॅट असेल, रंग असतील. त्याच्या नादात हाक मारणाऱ्याला विसरू नका. आणि ही गोष्ट तुम्हाला कोणी मोठे माणूस वाचून दाखवत असेल, तर त्यांनाही माझी एक विनंती आहे. मुलांच्या वेडाला वेळ ठरवून द्या, जागा ठरवून द्या, जरूर द्या. मी त्या खिळ्यावर सुखी होते. पण दूर ठेवायचीच वेळ आली, तर ती वस्तू त्यांच्याच हातांनी ठेवू द्या. कशाला किती सैल करून ठेवायचे, ते त्या हातांना ठाऊक असते.

आई जमिनीवर बसली. तिने मला मांडीवर घेतले आणि ती तुटकी तार बोटाभोवती गुंडाळू लागली. तेवढ्यात शुभंकर आत धावत गेला. कंपास उघडल्याचा, पेन्सिली सांडल्याचा आवाज आला. तो परत आला आणि त्याने बिल्ला आईच्या तळहातावर ठेवला. पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राहिला.

"आई, हा घे बिल्ला. गिटार पण आली."

आईने मान हलवली.

"मग आता ताईला वाजवावंसं कधी वाटणार?"