सोनं न सोसणारी सून

धामापुरात दाजींइतकं खानदानी सोनं कुणाकडे नव्हतं. दाजी स्वतःच तसं सांगत. लेकीला दागिन्यांनी मढवून सासरी धाडल्यावर मुलाच्या, दत्तारामच्या लग्नात त्यांनी सुनेच्या गळ्यात घसघशीत मंगळसूत्र घातलं आणि वर्षाच्या आत सुगंधेचा गळा लाल चट्ट्यांनी भरला. दाजींनी वैद्याला बोलावलं नाही. गरिबाघरच्या लेकीच्या कातडीला सोन्याची सवय नसते, हे निदान त्यांनी चारचौघांत केलं. गावाने सुनेची कीव केली, सोन्याकडे बोट दाखवलं नाही. सुगंधा जात्यावर गायची:

सोनियाचो गळसर, माजो गळो भाजता,
सासऱ्याचा नाव गे बाये, गावात गाजता.

दाजींना त्यातली फक्त दुसरी ओळ ऐकू यायची.

एकसष्ट साली ती तळ्याच्या पायरीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. बांबूच्या कामट्या बांधून, ट्रकमधून फोंडाघाट चढून तिला कोल्हापूरला नेलं. हाडात पोलादी सळी घालू, डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या गळ्यावर गेली.

दाजींनी ठेवणीतली पुस्तकी मराठी काढली. "हिला सोनं सोसत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. सोन्याने असं क्वचितच होतं, म्हणाले. मुलाम्याच्या दागिन्यात निकेल असतं, त्याने होतं. सळीतही निकेल आहे. अंगाला ते सोसलं नाही तर आत चिघळेल, हाड सांधणार नाही. मंगळसूत्र अस्सल असेल तर उद्याच सळी घालू. नसेल तर आधी कातडीवर पारख.

"तर, अस्सल आहे ना?"

एकीकडे सुनेचा पाय, दुसरीकडे दाजींचं नाक. दाजी पेचात पडले, आणि त्यांचंही बरोबरच होतं: पाय माणसाला दोन असतात, नाक एकच. दत्ताराम छताकडे बघत राहिला. बापासमोर त्याला नेहमीच छत आवडायचं.

सुगंधा कण्हत म्हणाली, "दाजीनू, भगवतीक स्मरान सांगा. मगे घालूंदेत सळी."

गावच्या भगवतीपुढे पुस्तकी मराठी चालत नाही. दाजींनी कपाळ पुसलं. पारख कराच, म्हणाले. सोनाराने फसवलंही असेल. सोनार कधीच वारला होता, त्यामुळे त्याची काही हरकत नव्हती.

सळीच्या धातूचा तुकडा सुगंधेच्या पाठीला चिकटवला. काढला तेव्हा खाली पांगाऱ्याच्या फुलासारखी लाली उमलली होती. सळी रद्द झाली. पायाला वजनं टांगून महिनोन्महिने पडून राहायचं होतं, पण पाय वाचणार होता.

दाजी खाटेशी बसून सोनाराच्या सात पिढ्या उद्धरत होते. सुगंधेने बराच वेळ ऐकून घेतलं.

"वनसांचे दागिने पण त्याच सोनाराकडचे मां? त्यांकाय सांगूक होया, तपासून घेवा म्हणान."

"तिचा सोना खरा आसा," दाजी बोलून गेले.

दत्तारामने छतावरची नजर काढली आणि बापाच्या तोंडावर ठेवली. दाजींना एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं.

सुगंधेने गळ्यातलं ते घसघशीत ओझं उतरवून उशाशी ठेवलं. "उद्या येताना काळे मणी नि सूत घेवन येवा," ती नवऱ्याला म्हणाली.

उद्याची वाट न बघता तो उठला.