लाल वाटी, पिवळी वाटी

वणीच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. महाराज रुग्णाच्या रक्ताचा थेंब वाटीतल्या पिवळ्या तीर्थात सोडत, वर चिमूटभर विभूती टाकत आणि तीर्थ लाल होई.

"रोग वर आला," महाराज म्हणत. मग लिंबू पिळत. तीर्थ पुन्हा पिवळं. "उतरला. देवीच्या दरबारात मशीन लागत नाही."

नाशिकहून आलेली लतिका हात जोडून पुढेच बसलेली असे. तिचा नवरा बाळाजी आणि शेजारचा सहादू, दोघांनाही फुफ्फुसाचा पुढच्या टप्प्यातला कॅन्सर. डॉक्टर एकच. औषध लागू पडतंय का हे पाहायला ते अधूनमधून रक्तात कॅन्सरच्या गाठीचे सूक्ष्म अंश शोधत. सहादूच्या रक्तात ते घटले, बाळाजीच्या वाढले. सहादूने जन्मभर बिड्या ओढल्या होत्या, बाळाजी सुपारीही खात नसे. सहादूची बायको यशोदाबाई फाटकाशी थांबून हळू आवाजात चौकशी करी, तेव्हा लतिकाला तो हळू आवाजच जास्त झोंबे.

महाराजांची वाटी बाळाजीसाठी पिवळी झाली आणि लतिकाने त्याला दवाखान्यात नेणं बंद केलं. खोकला वाढतच होता. तरी ती यशोदाबाईंना म्हणाली, "तुमच्या ह्यांचंही रक्त दाखवा एकदा." सहादूची वाटी लालच राहावी, ही इच्छा मात्र तिने कुणाला सांगितली नाही.

यशोदाबाईंऐवजी त्यांची मुलगी संजना आली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"बाबांऐवजी माझं रक्त चालेल?"

"मुलीच्या रक्तातून बाप बोलतो," महाराज म्हणाले. वाटी लाल झाली. "फुफ्फुस सडलंय. पुन्हा यावं लागेल."

लतिकाला एकदम हलकं वाटलं.

संजनाने दुसरी वाटी ओढली, त्यात त्यांचंच तीर्थ ओतलं आणि शेजारच्या माणसाकडून पानाचा चुना मागून त्यात कालवला. रक्त नव्हतंच, तरी पाणी लाल. लिंबू पिळलं, पिवळं.

"हे हळदीचं पाणी आहे. चुन्याने लाल होतं, लिंबाने पिवळं. विभूतीत चुना मिसळलाय."

"देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाही, तुमच्या विभूतीची."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मग माझ्या पोराचा रोग उतरलाच नाय का?" महाराजांनी विभूतीचं ताट मागे सरकवलं.

परतताना लतिका बोलली, "तुमच्याकडे उतरलं, म्हणून तुला शहाणपण सुचतंय."

"काकू, बाबांचंही उद्या वाढू शकतं. काकांचं रक्त एवढंच सांगत होतं, की ही गोळी पुरत नाही, दुसरं काही बघा. तेही वेळेत."

दुसऱ्या दिवशी लतिकाने बाळाजीला दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरांनी उपचार बदलले. पुढच्या तपासणीत अंश घटले, सहादूइतके नाहीत. यशोदाबाईंना ते सांगताना लतिकाने आधी विचारलं, "तुमचं काय आलं?"

हेवा असा सहज जात नाही. पण रक्ततपासणी वाईट बातमी देते ती उपाय शोधायला वेळ मिळावा म्हणून. जो लिंबू पिळून 'रोग उतरला' म्हणतो, त्याला आधी तपासा.