टपकणाऱ्या गिझरची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. खरं म्हणजे होतो. सध्या मी पंचवीस लिटरची एक पोचे आलेली टाकी आहे. न्हाणीघराच्या खिडकीबाहेरच्या सज्जात, मोडक्या कुंडीला टेकून बसलो आहे आणि भंगारवाल्याची वाट पाहतो आहे. तो दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. तेवढ्या सवडीत माझी हकीकत सांगून टाकतो. न विचारता सांगतो आहे, कारण ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी विचारलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. पोटात कॉइल बसवली, आतून काचेसारखा गुळगुळीत लेप दिला, बाहेरून पांढराशुभ्र रंग लावला. बुडाशी एक बोटभर सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. तपासनीसाने माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "हा बारा वर्षं कुठे जात नाही." तो तसा सज्जन माणूस होता. फक्त मी कुठल्या पाण्याच्या गावाला जाणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी ज्या घरी आलो तिथलं पाणी क्षाराचं. दिसायला स्वच्छ, पण साबणाला फेस येऊ द्यायचं नाही, केसांचा काथ्या करायचं, आणि वाळलं की मागे पांढरा डाग सोडायचं. अशा गावात घरच्या सूनबाईंनी न्हाणीघराला काळ्याभोर फरशा बसवून घेतल्या होत्या. दुकानात त्या फार देखण्या दिसल्या. दुकानात पाणी नव्हतं.

घरात माणसं चार. चिरंजीव एका कचेरीत साहेब होते आणि घरातही तसंच वागायचे. सूनबाई शाळेत शिकवायच्या, आणि दर रविवारी गुडघे टेकून, नाकाला फडकं बांधून फरशीवरचे डाग अॅसिडने घासायच्या. मुलांच्या वह्यांतल्या चुका काढाव्यात तसा एकेक डाग त्या शोधून काढायच्या. सोमवारी सकाळी डाग पुन्हा हजर. नात सहा वर्षांची, तिला सगळे पिटुकली म्हणायचे. आणि आजोबा. आजोबांनी एकतीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली होती.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. "बटण दाबलं की दहा मिनिटांत!" चिरंजीव असं म्हणत, जणू पाणी तेच तापवतात.

पण मित्रांनो, माझ्या पोटात काय चाललं होतं ते कोणाला दिसत नव्हतं. पाणी तापलं की त्यातला क्षार माझ्या कॉइलवर बसायचा. आधी पिठाच्या थरासारखा, मग अंड्याच्या कवचासारखा, मग चक्क दगडासारखा. कॉइलला तो दगड आधी तापवावा लागे, मग पाणी. त्या खपल्यांखाली पाणी अडकून उकळायचं आणि मी गुरगुरायचो, तडतडायचो. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणं हे थर्मोस्टॅटचं काम. त्याच्याही अंगावर क्षाराची जाड गोधडी चढली. गोधडीत शिरलेल्या माणसाला बाहेर ऊन पडलंय हे कसं कळावं?

माझं गुरगुरणं ऐकणारा घरात एकच माणूस होता.

"अरे, तो ओरडतोय," आजोबा म्हणाले. "पोटात खडे झालेत त्याच्या. उघडून साफ करून घे."

"बाबा, परवा मी तीनदा हाका मारल्या त्या तुम्हाला ऐकू आल्या नाहीत," चिरंजीव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "गिझरचं बरं ऐकू येतं."

"तू रोज तेच बोलतोस. तो नवीन बोलतोय."

आजोबा पिटुकलीला कडेवर घेऊन माझ्यापाशी यायचे. ती माझ्या पोटाला कान लावायची.

"काय म्हणतोय गं?"

"पोट दुखतंय म्हणतोय."

"शाब्बास! तुझ्या बापाहून हुशार आहेस. आता एक लक्षात ठेव. ओरडतोय तोवर ठीक. बटण चालू असताना गप्प बसला, तर जिथे असशील तिथून मला हाक मारायची. आत थांबायचं नाही. आतलं दडपण फार वाढलं की पाण्याला उकळायलाही जागा उरत नाही, मग आवाज बंद होतो. आमच्या गिरणीत एकदा एक बॉयलर गप्प बसला होता."

"मग?"

"मग आम्ही दोघं होतो, त्यातला मी एकटा घरी आलो."

पिटुकलीने मान हलवली. तिला ती गोष्ट वाटली. मला वाटली नाही.

आता त्या व्हॉल्व्हबद्दल सांगतो. पाणी तापलं की फुगतं. फुगलेलं थोडं पाणी त्या व्हॉल्व्हमधून, खाली लावलेल्या नळीवाटे टपकायचं. तो माझा श्वास होता. पण मी श्वास सोडायचो नेमका काळ्या फरशीवर. महिन्याभरात तिथे ताटाएवढा पांढरा डाग उमटला. सूनबाईंनी घासला, उमटला. पुन्हा घासला, पुन्हा उमटला. त्यांच्या बोटांची सालं निघाली, डाग निघेना. अॅसिडच्या वासाने खोकून खोकून त्या एका रविवारी उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. मित्रांनो, त्यांना मी दोष देत नाही. दिवसभर शाळेत उभं राहून आलेल्या बाईला डागाशी आयुष्यभर भांडायला लावणं हा काही न्याय नव्हे.

नळवाल्याला बोलावलं. त्याने व्हॉल्व्ह पाहिला, माझ्या पोटावर टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब, टपकणं हा रोग नाही. रोग आत आहे. याला उतरवा, कॉइल काढून साफ करू. अर्धा दिवस जाईल."

"ते नंतर बघू. आधी टपकणं बंद कर."

"ते मी बंद करणार नाही."

"का?"

"मला रात्री झोप लागते, साहेब. ती मोडायची नाही."

चिरंजीवांना नाही ऐकायची सवय नव्हती. ते स्वतः बाजारात गेले आणि भोकं बुजवायची दोन रंगांची लांबी घेऊन आले. दोन वड्या एकत्र मळायच्या, लिंपायच्या, तासाभरात दगड. त्यांनी ती माझ्या नळीच्या तोंडात अंगठ्याने ठासून भरली. टपकणं थांबलं. सूनबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. घरात त्या दिवशी श्वास सोडणाऱ्या त्या एकट्याच उरल्या.

आजोबांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. खोलीतून गिरणीतला लांब दांड्याचा पान्हा घेऊन आले आणि नळी उपसू लागले. तेवढ्यात चिरंजीव आले.

"बाबा! काय चाललंय?"

"तोंड बुजवलंस तू त्याचं. उकळत्या भांड्याचं तोंड बुजवतात का रे कुणी?"

"हे घर आहे, तुमची गिरणी नाही. उद्या शॉक लागला तर लोक मला बोलतील."

"अरे, मी एकतीस वर्षं..."

"एकतीस वर्षं कोळसा ढकलला, बाबा."

हे वाक्य बोलून झाल्यावर चिरंजीवांनाही ते जरा मोठं झाल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी नजर फिरवली. पण पान्हा मात्र काढून घेतला आणि माळ्यावर, रिकाम्या बॅगांच्या मागे ठेवून दिला. आजोबांना शिडी चढता येत नव्हती.

त्यानंतर आजोबा एकच करायचे. कोणी माझं बटण लावलं की पाचव्या मिनिटाला जाऊन बंद करायचे. घरात पाणी कोमट यायला लागलं. "बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं," असं फोनवर कोणाला तरी सांगितलं गेलं. मग बटण लावलं की आजोबांना ते बंद करता येऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लागू लागली.

तो रविवार होता. सूनबाईंनी पिटुकलीच्या आंघोळीसाठी बटण लावलं आणि त्या वह्या तपासायला बसल्या. आजोबांना डुलकी लागली होती. थर्मोस्टॅट गोधडीत झोपलेला होता. माझं पोट तापत गेलं, फुगत गेलं. मी गुरगुरलो, तडतडलो, ओरडलो. मग आतल्या दडपणाने माझा आवाजच बंद झाला.

पिटुकली टॉवेल खांद्यावर टाकून आत आली. लाल दिवा चालू होता. तिने नेहमीसारखा कान वर केला आणि ऐकत राहिली. मग मागच्या मागे पळाली.

"आजोबा! गिझर गप्प बसलाय!"

मित्रांनो, ब्याऐंशी वर्षांचा माणूस इतक्या झटकन उठलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तिला सूनबाईंच्या अंगावर ढकललं. "दोघी बाहेर व्हा! जिन्यात जा!" चिकटपट्टी फाडून बटण बंद केलं. गरम नळ सोडला, तर क्षाराने बुजलेल्या तोंडातून करंगळीएवढी वाफ फुसफुसली, बाकी काही नाही. तिथून निघून गेले असते तर कदाचित मी आपोआप निवलोही असतो. कदाचित. पण माझ्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, स्वयंपाकघरात गॅस होता, आणि जिना उतरायला सहा वर्षांच्या मुलीला वेळ लागतो.

पान्हा माळ्यावर होता. त्यांनी पाय घासायचा दगड उचलला आणि माझ्या नळीवर घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला नळी तुटली, लांबीचा गोळा उडाला, आणि दोन महिने कोंडलेला माझा श्वास त्यांच्या दोन्ही हातांवर सुटला.

लांब दांड्याचा पान्हा असता तर ते हातभर दूर उभे असते. एवढंच मला सांगायचं होतं. साक्ष संपली.

पण गोष्ट संपली नाही. बाहेर गेलेले चिरंजीव धावत आले. वाफ, ओली फरशी, भिंतीला टेकून बसलेले आजोबा, हात समोर धरलेले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. आणि काळ्या फरशीवर तो करडा गोळा. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. चिरंजीवांनी तो पाहिला. दारात शेजारी जमू लागले होते. चिरंजीव वाकले, गोळा उचलला आणि खिशात टाकला. मग वडिलांना उचललं.

"कसं झालं हो?" शेजाऱ्याने विचारलं.

चिरंजीवांनी तोंड उघडलं. आवाज आला तो आजोबांचा.

"माझीच चूक. नको तिथे हात घातला."

चिरंजीवांनी तोंड मिटलं. त्या गोष्टीपुरतं ते अजून उघडलेलं नाही.

आजोबा तीन आठवड्यांनी दवाखान्यातून परत आले. बोटं आता मिटत नाहीत. सदऱ्याची बटणं पिटुकली लावते. येणारे जाणारे मान हलवून म्हणतात, "या वयात नसते उद्योग कशाला करायचे?" आणि आजोबा म्हणतात, "खरंय."

माझ्या जागी नवा गिझर आला. त्याचा पहिला थेंब काळ्या फरशीवर पडला तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. सूनबाई दचकून म्हणाल्या, "अहो, हाही टपकतोय. ती लांबी आणायची का पुन्हा?"

चिरंजीवांनी एक बादली आणली आणि खाली ठेवली.

"राहू दे. टपकू दे त्याला."

"डाग पडतील."

"पडू देत."

हे वाक्य त्यांनी पलीकडे आजोबांच्या खोलीत जाऊन म्हणायला हवं होतं. मधली भिंत सहा इंचांची आहे.

आत्ताच पिटुकली त्या खोलीतून बाहेर आली. चिरंजीव बादली रिकामी करत होते. ती त्यांच्या शर्टाचं टोक ओढून म्हणाली, "बाबा, मी आजोबांच्या पाठीला कान लावला. ते हल्ली काहीच ओरडत नाहीत."

बादली त्यांच्या हातात तशीच राहिली.

मित्रांनो, भंगारवाला उद्या नक्की येतो म्हणाला आहे. म्हणून थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा तुमच्या घरच्या गिझरचं पोट उघडून साफ करून घ्या. त्याचं टपकणं बुजवू नका, खाली बादली ठेवा. आणि घरातलं कोणी जुनं, सतत कुरकुरणारं, एके दिवशी गप्प झालं, तर आता शांतता झाली म्हणून खूश होऊ नका. धावत जा. माझ्या वेळी एक मुलगी धावली होती. या वेळी तिने हाक मारली आहे, आणि तिचा बाप हातात बादली धरून अजून तिथेच उभा आहे.