डब्यात कोणी हात घालत नव्हतं

आमची रीना, म्हणजे माही बायको, मोबाईलवर जपानी कार्टून पाहते. मोठाल्या डोळ्याच्या पोरी, हिंदीत बोलतात. पोरगा वाईट आहे म्हणून सारा गाव बोंबलते, पण त्या पोरीचा भरोसा काही हलत नाही. म्या म्हटलं, "खरोखर असं कोणी राहाते का वं?" तर म्हणे, "चूप बसा, रडून राहिली ते."

मी चिखल्याच्या खाणीतून माल नेणाऱ्या एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर. मागच्या सोमवारी माह्या गाडीतलं डिझेल मोजलं त कमी भरलं, आन् मी, सुगत, चोर झालो! दुपारी मोहाच्या झाडाखाली आमी सारे डबे मधात ठेवून जेवतो. तिथं माह्या डब्यात कोणी हात घालेना. ज्यानं मले स्टेअरिंग धराले शिकवलं, त्या परसरामकाकानंही नाही. आंगाची आग झाली.

घरी रीना काहीच विचारेना. कॉलनीभर बोंब झाली, इले कळलं नसन का? चार जणाले पुरन इतकी वांग्याची भाजी भरून देते, मी अर्धी वापस आणतो, ते मुकाट्यानं डबा घासते आन् मोबाईल घेऊन बसते. मले वाटे, इनंही मले चोरच समजलं. साऱ्यायचं सोसलं असतं, इचं नाही सोसवत.

शुक्रवारी सकाळी तिनं डबाच दिला नाही. म्या म्हटलं, संपलं.

जेवाच्या टायमाले पाहतो त रीना येऊन राहिली, हातात डबा. सरळ माह्या बाजूले बसली, झाकण उघडलं आन् माह्याच डब्यात जेवू लागली. सारे ड्रायव्हर टकमक पाहून राहिले.

"येडी झाली का तू?"

"कार्टूनातली पोरगी धावत येते, रडते. मले ते जमत नाही. जेवा."

परसरामकाकानं घसा खाकरला आन् भाजीकडे हात नेला. रीनानं डबा मांगं ओढला.

"आधी यांच्या तोंडावर विचारा, काका. मंग खा."

काका खाली पाहत म्हणाले, "चोरलं का बे, सुगत?"

"नाही."

काकानं घास घेतला.

"तूनं तर मले एकडावही नाही विचारलं," म्या रीनाले म्हटलं.

"ज्याले शंका, तो विचारते," ते म्हणाली आन् वांग्याचं देठ माह्याकडे सरकवलं.

माहे डोळे भरून आले. भाजी तिखट झाली म्हणून सांगतलं मी.