पाच मीटर तांबं

लाल रबर सोललं तेव्हा आत सात पीळ निघाले. प्रत्येक पिळात एकोणीस धागे. वहिनीने ते दोनदा मोजले: एकशे तेहतीस. रिळावरच्या चिठ्ठीत चारशे वीस छापले होते. एका धाग्याची जाडी स्क्रूगेजवर पाव मिलिमीटर भरली, म्हणजे तेवढं तरी चिठ्ठीप्रमाणे होतं. मग तिने तोच धागा टेबलावर दाबून धरला आणि ब्लेडने खरवडला. वरचा तांबूस रंग पावडरीसारखा निघून आला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम चमकलं.

रबराची मात्र कंजुषी नव्हती. बाहेरून तार अंगठ्याएवढी जाड दिसत होती.

"वहिनी, झालं का? बाई पुढे बसल्यात कधीच्या," दीर शेडच्या दारातून म्हणाला.

"भाऊजी, ही तार कुठनं आणली?"

"नवीन पार्टी आहे. चाळीस रिळं घेतली एकदम. का?"

"ह्यात तांबं नाही."

"दिसतंय की तांबं."

"दिसतंय तेवढंच आहे."

दीर हसला. "तुमचं आपलं काहीतरी असतं. गालिच्याखाली जाणार ती. कोण उचलून बघतंय?"

"मी बघितलंय."

दुकान दोघा भावांनी काढलेलं. धाकटा पुढे काउंटरवर बोलायचा आणि थोरला मागे शेडमध्ये गाड्यांत ॲम्प्लिफायर बसवायचा. थोरल्याला पक्कड दे, पाना दे, करता करता त्याची बायको तारा ओढायला शिकली. पुढे थोरला गेला. शेड तिच्याकडे राहिली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. धाकटा तिला वहिनी म्हणतो म्हणून सगळेच वहिनी म्हणू लागले. गिऱ्हाइकं म्हणत, पार्सलवाला म्हणे, आणि तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असलेला हिशेबनीससुद्धा म्हणे. दुकानाच्या पाटीवर मात्र फक्त धाकट्याचा फोन नंबर होता.

शेडमध्ये राखाडी रंगाची एक लहान गाडी उभी होती. मागची सीट दुमडलेली, गालिचा उचललेला. डिकीत ॲम्प्लिफायर आणि बारा इंची सबवूफर बसून तयार होते. राहिली होती फक्त मुख्य तार. पुढच्या बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत, पाच मीटर.

"भांडत नाही मी," वहिनी म्हणाली. "आधी मोजू."

तिने नवी तार नुसतीच खिडकीतून आत घेऊन दोन्ही टोकांना जोडली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला आणि इंजिन चालू केलं. मीटरचं एक टोक बॅटरीला चिमट्याने अडकवलं, दुसरं डिकीत ॲम्प्लिफायरच्या टोकाला धरलं. मग चाचणीचा एकसुरी घुमारा पूर्ण आवाजात सोडला. शेडचा पत्रा थरथरू लागला. मीटरवर आकडा आला: एक पूर्णांक तीन. एवढे व्होल्ट वाटेतच, तारेतच जिरत होते. चार मिनिटांनी तिने आवाज बंद केला.

"हात लावा तारेला."

दिराने लावला आणि काढला. "कोमट आहे."

"चार मिनिटांत. उघड्यावर. गालिच्याखाली, उन्हात उभ्या गाडीत, तासभर वाजली तर?"

"एवढ्या आवाजात कोण लावणार आहे? बाई आहेत त्या, सत्तर वर्षांच्या!"

"एकाहत्तर," मागून आवाज आला. "आणि मी लावणार आहे."

बाई घुमारा ऐकून शेडमध्ये आल्या होत्या. हातात पर्स, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि दिराला त्यांनी आठवीत शास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे पन्नाशीचा, ढेरी सुटलेला दीर त्यांना पाहताच आपोआप सरळ उभा राहिला.

"चौतीस वर्षं मी 'शांत बसा' एवढंच म्हटलं," बाई वहिनीला म्हणाल्या. "घरी जरा आवाज वाढवला की खालचे लोक वर येतात. मुलगी म्हणते, या वयात? म्हटलं, या वयातच. बारीक सूर आता मला ऐकू येत नाहीत गं. खालचे येतात. छातीत येतात. तेवढे तरी नीट येऊ देत." मग दिराकडे वळून, "काय रे, काय अडलंय?"

"काही नाही, बाई. तारेची कंपनी बदललीय, म्हणून वहिनी जरा..."

"फरक काय आहे?"

"फरक काहीच नाही."

वहिनीने हातातला खरवडलेला धागा बाईंपुढे धरला. "बाई, फरक आहे. ही वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम आहे, आणि लिहिलंय त्याचा तिसरा हिस्साच आहे. एवढा वीजप्रवाह हिला झेपत नाही."

दिराचे कान लाल झाले.

"तो माझा विद्यार्थी आहे," बाई हळू म्हणाल्या. "अभ्यासात ढ होता, पण खोटं बोलायचा नाही. तो एक सांगतोय, तू एक सांगतेस. मी कुणाचं ऐकू?"

"कुणाचंच नका ऐकू. मीटरचं ऐका."

"मला चार वाजता गाडी हवी," बाई म्हणाल्या. "पाचला मैत्रिणींना घेऊन निघायचंय. चारच्या आत जे ऐकवायचं ते ऐकवा." आणि पुढच्या खोलीत जाऊन बसल्या.

दिराने शेडचं दार लोटून घेतलं. "गिऱ्हाइकासमोर, वहिनी? गिऱ्हाइकासमोर?"

"गाडी त्यांची आहे."

"चाळीस रिळं पडलीत माझी! मोठा फ्यूज टाका, जाईल निघून."

"मोठा फ्यूज टाकला तर फ्यूज वाचेल. गाडी नाही वाचणार."

"सगळ्या बाजारात हीच तार चाललीय. सगळे मूर्ख, तुम्ही एकट्या शहाण्या?"

"एकटी तर एकटी."

"मग ऐका," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की त्याचं ठरलेलं असतं हे तिला ठाऊक होतं. "सोमवारपासून नवा फिटर येतोय. दोन दुकानांत काम केलेला आहे, सांगू ते करतो. तुम्हाला काउंटरवर बसायचं तर बसा, नाहीतर घरी आराम करा. आज ही तार ओढलीत तर त्याला नाही म्हणून कळवतो. नाही ओढलीत तर शेड त्याची."

वहिनीने घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दुकानात खरी जाड तार उरलेली नव्हती. तुकडे होते, पण सगळ्यात लांब तुकडा दोन मीटरचा. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला, स्टूल काखेत मारलं आणि पुढच्या खोलीत गेली.

पुढच्या भिंतीवर नमुन्याचा बोर्ड होता. काळ्या कापडाने मढवलेली फळी, तिच्यावर एक ॲम्प्लिफायर आणि दोन सबवूफर. गिऱ्हाईक आलं की दीर बटण दाबायचा आणि काचा हादरायच्या. बोर्डाची बॅटरी काउंटरखाली होती, सरळ गेलं तर जेमतेम हातभर अंतरावर. तरीही तार तिथून वर छताला जाऊन, खोलीला वळसा घालून, मग बोर्डावर उतरली होती. हा थोरल्याचा हट्ट. गाडीत जेवढी तार असते तेवढीच इथेही हवी, म्हणायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला इथे ऐकू आलं तेच गाडीत ऐकू येईल. ती तार त्या दोघांनी एका रविवारी ठोकली होती. तो स्टुलावर आणि ती खाली, तार भिंतीला पकडणारे चिमटे देत.

वहिनी स्टुलावर चढली आणि पहिला चिमटा उलगडला.

"अहो, बोर्ड बंद पडेल!" दीर धावत आला.

"पडू दे. त्याला कुठे जायचंय?"

"दादाने लावलाय तो!"

"मला माहितीये कुणी लावलाय. चिमटे मी दिलेत."

बाई खुर्चीतून पाहत होत्या. "म्हणजे जुनी तार घालणार माझ्या गाडीत?"

"जुनी आहे, बाई. पण बसूनच होती, थकलेली नाहीये. तुमच्यासारखीच."

बाईंना हसू आवरलं नाही. दिराला आवरावं लागलं.

अठरा चिमटे होते. तार निघाली तिथे भिंतीवर मूळ रंगाची एक फिकट पट्टी उरली, छतापर्यंत गेलेली आणि परत खाली आलेली. वहिनीने तार जमिनीवर सरळ केली आणि पावलांनी मोजली. पाच मीटर भरली. टोकाचं रबर बोटभर सोलून, एक धागा बाईंच्या डोळ्यांसमोर खरवडला. वर लाल, खाली लाल. बाईंनी चष्मा वर करून तो पाहिला आणि परत दिला.

पुढचे दोन तास ती गाडीतच होती. तार बॉनेटमधून आत येते तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी कडं बसवलं, म्हणजे पत्रा तारेला कापणार नाही. तार गाडीच्या उजव्या कडेने नेली आणि आवाजाची बारीक केबल डाव्या कडेने, कारण दोन्ही शेजारी गेल्या की इंजिनाची शीळ स्पीकरमध्ये शिरते. डिकीत अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग रुपयाएवढा घासून काढला, तिथे बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. टोकांवर लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची टोपणं, चढवून पकडीने दाबले आणि प्रत्येक लग पूर्ण ताकदीने ओढून पाहिला. एक सुटला. तो कापून टाकला आणि पुन्हा केला. गुडघे दुखत होते. एकदा तिने डोकं सीटला टेकवलं आणि तशीच थोडा वेळ थांबली. मग गालिचा ओढून घेतला.

पावणेचारला बाई स्टिअरिंगमागे बसल्या. दीर शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"सोमवारी तो येतोय, वहिनी. मी शब्द दिलाय."

"येऊ दे की. मी साडेनऊला येते. आला की त्याला आधी तार सोलून मोजायला लावीन."

"मी चेष्टा नाही करत."

"मी पण नाही. शेडची किल्ली माझ्याकडे आहे, ती माझ्याकडेच राहील. दाराला नवं कुलूप लावलंत तर बाहेर ओट्यावर काम करीन. गाड्या तिथेही उभ्या राहतात." तिने मीटरच्या वायरीचं लांब टोक पुढे केलं. टोकाला चिमटा होता, तो तिने काढून खिशात टाकला. "हे धरा. बॅटरीच्या लाल टोकाला."

दीर जागचा हलला नाही. काचेमागून बाई त्याच्याकडे पाहत होत्या, वर्गात उत्तराची वाट पाहावी तशा. तो पुढे आला, बॉनेटवर वाकला आणि टोक धरलं.

वहिनी दुसरं टोक घेऊन डिकीशी गुडघ्यांवर बसली. "बाई, पूर्ण वाढवा!"

"किती?"

"असेल तेवढा!"

पत्रा थरथरला. टेबलावरचे पाने सरकत कडेला आले आणि एक खाली पडला, पण त्याचा आवाज ऐकू आला नाही. बाईंनी डोळे मिटले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, हनुवटी वर. वहिनीने तळहात गालिच्याखाली सरकवून तारेवर ठेवला आणि चार मिनिटं तसाच राहू दिला. तार गारच होती. मग टोक ॲम्प्लिफायरला टेकवलं.

"किती?" दीर पुढून ओरडला.

मघाशी एक पूर्णांक तीन दाखवणाऱ्या मीटरवर आकडा स्थिरावला.

"शून्य पूर्णांक दोन चार."