सुतकातला सिंह

"तिल, नीट विचार करून सांग. तू गेन्झोच्या घरातला की बाहेरचा?"

देवळाच्या सभाघरात मोरिवाकींनी हे विचारलं, तेव्हा भाताची कापणी उरकून उत्सव दारात आला होता. मोरिवाकी म्हणजे आमच्या या जपानी खेड्यातल्या सिंहनाचाचे प्रमुख. त्यांच्यासमोर उघड्या पेटीत सिंहाचं लाल लाखेचं मस्तक होतं आणि पेटीपलीकडे, गुडघे मुडपून, टोफूच्या दुकानातला नेपाळी कामगार तिलबहादूर बसला होता.

मस्तक धरायचा मान टोफूवाल्या गेन्झोचा. भातलावणीच्या दिवसांत तो गेला. तिल इतकी वर्षं सिंहाच्या कापडाखाली, शेपटाकडे नाचत आलेला. पण मस्तकाची चाल गेन्झोनं शिकवली ती त्यालाच. पहाटे सोयाबीन शिजेपर्यंत टोफूचं रिकामं लाकडी खोकं डोक्यावर धरायला लावून शिकवली. ती चाल आता दुसऱ्या कुणालाही येत नव्हती. गावातली पोरं केव्हाच शहरात गेली. शेजारच्या गावाचा सिंह एक साल पेटीत राहिला, तो कायमचाच.

अडचण होती ती सुतकाची. ज्या घरात मरण झालं, त्या घरच्या माणसानं वर्षभर देवाच्या सिंहाला हात लावायचा नाही. आणि तिल राहायचा गेन्झोच्या माडीवर, जेवायचा त्यांच्या चुलीवरचं. अस्थी वेचताना घरची माणसं उभी राहतात, तिथंच तोही उभा होता.

तिलला नाचायचं होतं. मस्तकाकडे बघताना त्याच्या मांड्या आपोआप ताठत होत्या. 'बाहेरचा' एवढा एक शब्द पुरे होता.

"बोल की लेका, तोंडात टोफू धरलायस का?" बासरीवाला ओनो म्हणाला आणि सगळे हसले.

तेवढ्यात दार सरकलं. गेन्झोची विधवा, हात्सुएबाई, उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या.

"तो आमच्या घरातला नाही," त्या म्हणाल्या. "पगारी माणूस आहे."

मोरिवाकींनी जरा चाचरतच विचारलं, की मग तो तुम्हाला आई का म्हणतो?

"दुकानातला गडी मालकिणीला आईच म्हणतो. तुमच्या आईला तुमचे गडी काय म्हणायचे?" हात्सुएबाईंचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "त्याचं अंथरूण हातगाडीवर आणलंय. उतरवून घ्या, मी आत येत नाही. आणि आजपासून त्याला जेवायला तुमच्याकडे घाला."

तिल उठायला गेला. त्यांनी नुसत्या नजरेनं त्याला खाली बसवलं आणि त्या मागं न बघता गेल्या.

उत्सवापर्यंत तो सभाघरात झोपला, गार पाण्यानं न्हाला, मोरिवाकींकडे जेवला. झोप कसली येते? छताकडे बघत पडल्या पडल्या त्याचे पाय पांघरुणात ताल धरायचे. मोरिवाकींची सून सांगायची, हा भात खातानासुद्धा सिंहासारखी मान वळवून बघतो.

उत्सवाच्या सकाळी ढोलावर पहिली टिपरी पडली आणि तिलनं मस्तक उचललं. ते जड होतं, आत गेन्झोच्या घामाचा वास होता. मग बासरी चढली. सिंहानं झटक्यात मान फिरवली, जबडा खाडकन मिटला आणि पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या एकदम सरसावून बसल्या. कापडाखाली चार गडी धापा टाकत त्याच्या मागं पळत होते. अरे दमानं, आमच्या कंबरेचा विचार कर, असं शेपटाकडून कुणी ओरडलं, तर सिंह आणखी उसळला. घरोघर दारं उघडी होती. लहान पोरं रडत डोकं पुढं करायची, सिंह आशीर्वाद म्हणून अलगद चावायचा, आया हात जोडायच्या. मोरिवाकी ढोल बडवता बडवता नाचायला लागले. बायकोनं त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. असा सिंह आम्ही किती वर्षांत बघितला नव्हता. तिलच्या अंगात वारं शिरलं होतं. हात भरून आले होते, तरी ते खाली यायला तयार नव्हते.

वळणावर टोफूचं दुकान आलं. सुतकाच्या घरापुढं सिंह नाचत नाही. ढोल थांबला, बासरी थांबली. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. तिल जबडा मिटून, पावलं न वाजवता चालला. जबड्याच्या फटीतून त्याला फक्त पायाखालचा रस्ता दिसत होता. दुकानापुढचा तेवढा रस्ता झाडून त्यावर पाणी शिंपडलेलं होतं. अजून ओलं होतं.

वळण गेलं आणि पुन्हा ढोल घुमला.

दिवेलागणीला सिंह पेटीत गेला. सभाघरात पंगत बसली. मासे, लाल भात, बाटल्या. सगळे एकाच वेळी बोलत होते. पुढच्या वर्षी शेपटाला कुणाला धरायचं, यावर पैजा लागत होत्या. मोरिवाकी बाटली घेऊन तिलसमोर येऊन बसले. म्हणाले, पहिला पेला मस्तकाचा.

तिलनं पेल्यावर हात ठेवला.

"सिंहाचं काम झालं, मोरिवाकी-सान. आता मला नको. माझ्या घरी सुतक आहे."

ओनो बासरी पुसता पुसता थांबला. मोरिवाकींनी बाटलीला बूच लावलं, ती मागं सारली आणि सुनेला हाक मारून चहाची किटली मागवली. मग दोन्ही हातांनी धरून, जरा वाकून, त्यांनी तिलच्या पेल्यात चहा ओतला.