सहायक कोचची खुर्ची

मी बोलतेय, मार्गो लिंडक्विस्टची घडीची खुर्ची. कापड निळं होतं. आता त्याला कुठला रंग म्हणावा, ते मलाही सांगता येणार नाही. मुक्काम तिच्या गाडीच्या डिकीत, चेंडूंच्या जाळीखाली.

मार्गो नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाची सहायक कोच होती. मुख्य कोच ट्विग कडेला उभे राहून ओरडायचे, पेपरात फोटो त्यांचा यायचा. नव्या मुली शोधणं, गोलकीपर घडवणं, सुजलेल्या घोट्याला बर्फ लावणं, घरच्या आठवणीने रडणारीला गाडीतून फिरवून आणणं, हे सगळं मार्गोकडे. सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन गावोगावचे शाळेचे सामने बघायची. माझ्यावर ती बसायची कमी, कोसळायची जास्त.

मांसाच्या कारखान्याच्या एका गावात तिला गोलकीपर डेल्फिना ओर्टेगा दिसली. गोलवर गोल खात होती, पण दर वेळी जाळ्यातला चेंडू स्वतः काढून मैत्रिणींना म्हणायची, "चला, पुन्हा." मार्गो माझ्या पाठीचा टेकू सोडून ताठ बसली. तशी ती क्वचितच बसायची.

सामना संपल्यावर मार्गोने तिला कॉलेजच्या संघात बोलावलं, तेव्हा तिचे वडील, युसेबियो, आले. कारखान्याचे रबरी बूट अजून पायांत होते.

"कोच, पोरगी कधी घराबाहेर राहिली नाही. तुम्ही असाल ना तिथे?"

"असेन."

"शेवटपर्यंत?"

"तिची पदवी होईपर्यंत."

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजाने मार्गोला मुख्य कोच व्हायला बोलावलं. माझ्यावर बसूनच तिने फोनवर नकार दिला. "एका बापाला शब्द दिलाय," एवढंच म्हणाली.

मग ट्विग निवृत्त झाले. आता मार्गोच, असं सगळे धरून चालले होते. एके दिवशी क्रीडा विभागाच्या प्रमुख बाई मैदानावर आल्या.

"मार्गो, तुझ्याशिवाय हा संघ उभा राहिला नसता."

"पण?"

"पण समितीला नवा चेहरा हवाय. आणि तो आपला सहायक बरोबर आणतोय."

मार्गोने एवढंच विचारलं, "मुलींना मी सांगू, की तुम्ही सांगणार?"

तिनेच सांगितलं. बाकीच्या रडल्या. डेल्फिना रडली नाही.

"तुम्ही पप्पांना शब्द दिला होतात."

"हो."

"मग मीही इथे राहत नाही. तुम्ही जाल तिथे येईन."

"मलाच अजून नोकरी नाही गं. तुझं नर्सिंग अर्ध्यावर आलंय, ते इथेच पूर्ण कर. रुसायचं तर माझ्यावर रुस."

ती रुसली. तिने पुन्हा मार्गोचा फोन उचलला नाही.

मार्गोला वायोमिंगमध्ये काम मिळालं. पुन्हा सहायक. पुन्हा तेच मैदान, तोच वारा, नव्या मुलींचे तेच सुजलेले घोटे. माझी एक शिवण उसवली, ती तिने बुटाच्या नाडीने बांधली.

काल युसेबियोचा फोन आला. आज डेल्फिनाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. अशा सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुली आईबापांबरोबर मैदानात चालत जातात. मार्गो पहाटेपासून गाडी चालवत आली आणि दूर कोपऱ्यात मला उघडून बसली. युसेबियो शोधत आले.

"इथे कुठे लपलात?"

"इथून बरं दिसतं."

"उठा. तिनेच पाठवलंय मला. स्वतः यायला लाजतेय."

"युसेबियो, मी शब्द पाळला नाही."

"माहीत आहे. त्यावर नंतर भांडू. आता मुली रांगेत उभ्या आहेत."

ती उठली. मैदानात आईबाप दोन कडांना, मध्ये डेल्फिना आणि मार्गो. भोंग्यावर आईबापांची नावं पुकारली. पुकारणाऱ्याच्या यादीत मार्गोचं नाव नव्हतंच. डेल्फिनाने मात्र मार्गोचा दंड घट्ट धरला होता, आणि चालून झालं तरी सोडेना.

सामना सुरू झाला तशी मार्गो परत येऊन माझ्यावर कोसळली. पूर्वार्ध तिने डोळे फाडून पाहिला. उत्तरार्धात चेंडू पलीकडच्या गोलकडेच राहिला, डेल्फिनाला काही काम उरलं नाही, आणि मार्गोची मान हळूहळू खाली आली.

ती झोपलीय. उद्या सकाळी तिला वायोमिंगच्या मैदानावर उभं राहायचंय. माझी नाडी धरेल तोवर मी तिला धरते. तुम्ही फक्त एवढं करा, सामना संपेपर्यंत तिला उठवू नका.